उंची कमी म्हणून धोका कमी?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका खाजगी, मातीच्या बांधाची उंची दहा मीटरपेक्षा कमी असल्याने तो २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात बसत नाही, म्हणून काळजी नको, असे काहींचे म्हणणे आहे. पहिले खरे आहे. पंधरा मीटरहून उंच धरणे, आणि दहा ते पंधरा मीटरमधली लांबी, साठा वगैरे निकषांत बसणारी, एवढीच त्या कायद्याच्या कक्षेत येतात. दुसरे मात्र त्यातून निघत नाही. धोक्याचा वर्ग, म्हणजे बांध किती धोक्याचा मानायचा हे, तो किती मजबूत आहे यावर नव्हे, तर तो फुटल्यास खाली कोण सापडेल यावर ठरतो. त्यामुळे बांधाला हात न लावताही, ओहोळाकाठी चार घरे उठली की वर्ग बदलायला हवा.

कागदावरची स्थिती बदलल्याने धोका जात नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधले १९२४चे खाजगी एडनविल धरण पहा: सांडवा (जादा पाणी सोडण्याची वाट) अपुरा म्हणून २०१८ मध्ये त्याचा वीजनिर्मिती परवाना रद्द झाला, मालकी खाजगीच राहिली आणि मे २०२० मध्ये, पाणी माथ्यावरून न जाताही, भराव ढासळला.

आपल्याकडे मालकाने निदान पावसाळ्यात पायथ्याशी झिरपणारे पाणी पाहावे. स्वच्छ असेल तर नोंद ठेवावी. गढूळ येऊ लागले तर आतली माती वाहते आहे, तेव्हा साठा सावकाश उतरवून अभियंत्याला बोलवावे.