डॅशकॅमची वायर: घरी ओढावी की दुकानात?

पर्वरीकर
डॅशकॅम (काचेमागचा रेकॉर्डिंग कॅमेरा) हार्डवायर करायला, म्हणजे त्याची वीज थेट गाडीच्या फ्यूजबॉक्समधून घ्यायला, गाडी ॲक्सेसरीच्या दुकानात देऊच नये, असं माझं मत. घाईत मूळ वायरचं साल काढून तिथेच फाटा मारतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत त्या टेपचा गोंद पाघळतो, टेप उलगडते आणि डॅशखाली उघडं तांबं राहतं. घरी केलं तर एकही वायर कापावी लागत नाही. हार्डवायर किट, दोन फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून दुसऱ्या फ्यूजमधून वेगळी लाइन देणारे जोड), 2 अँपिअरचे दोन फ्यूज, मल्टिमीटर आणि कापडी टेप, बस्स. किटची पिवळी तार कायम करंटवर, लाल चावीच्या करंटवर, काळी अर्थला. काही किटमध्ये रंग वेगळे असतात, तेव्हा लेबल वाचा. लाल तार 12 व्होल्टच्या चार्जर सॉकेटच्या फ्यूजवर आणि पिवळी केबिन लाइटच्या. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंप्युटरच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

म्हापशेकार
हा सगळा खटाटोप कशासाठी? 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसला की कॅमेरा चालतो. शिवाय कर्टन एअरबॅग (खिडक्यांवरून पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत ए-पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं, कव्हर उपसून वायर एअरबॅगवरून आडवी नेणारे महाभाग आहेत. एअरबॅग उघडताना ती वायर आड येणार. दुकानदाराला निदान जाब विचारता येतो.

पर्वरीकर
जाब विचारून एअरबॅग नीट होत नाही, बाब. वायर एअरबॅगच्या मागून, पिलरमधल्या मूळ वायरिंगला टायने बांधत खाली आणायची. कव्हर ओढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा.

फ्यूज_बारा
दोघांनीही टॅपची दिशा सोडली. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण मग कॅमेऱ्याचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो आणि त्या फ्यूजवर दोन कामं पडतात. टॅपमधले दोन्ही फ्यूज काढा आणि मीटर बीपवर ठेवा. टॅपच्या ज्या पायाचा बीप दोन्ही फ्यूजच्या खाचांत वाजतो, तो सामाईक पाय. मग गाडीच्या फ्यूजबॉक्समधला मूळ फ्यूज काढून, ते सर्किट चालू असताना, कोणत्या खाचेत 12 व्होल्ट येतात ते बघा. सामाईक पाय त्याच खाचेत बसला पाहिजे. मूळ फ्यूज टॅपमध्ये पायांजवळच्या जागेत, कॅमेऱ्याचा वरच्या.

आणि ‘कायम करंट’ खरोखर कायम आहे का, हे गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मोजा. नव्या गाड्या झोपी जातात आणि केबिन लाइटची लाइनही बंद करतात.

मांडवीकाठ
वाद घालायचा तर पार्किंग मोडवर घाला. त्यात गाडी बंद असतानाही चालू राहणारा कॅमेरा साधारण 0.25 अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 6 अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. चतुर्थीला पाच दिवस गावी गाडी उभी राहिली तर गणित स्वतःच करा. किटचा कटऑफ (ज्या व्होल्टेजला किट कॅमेऱ्याची वीज तोडते तो आकडा) 11.8 व्होल्टवर असेल तर तो तोडेपर्यंत बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. 12.2 म्हणजे अर्धी, म्हणून निदान 12.4 ठेवा. पण रोज पर्वरी ते पणजी एवढंच चालणाऱ्या गाडीची बॅटरी तशीही पूर्ण भरत नाही, मग 12.4 वर कॅमेरा तासा-दोन तासांत झोपेल. अशा गाडीला पार्किंग मोड म्हणजे नुसती हौस. उन्हात लिथियम बॅटरीचा कॅमेरा फुगतो ते वेगळंच. आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घ्या.

म्हापशेकार
हेच तर सांगत होतो! पिवळी तार टेप लावून मोकळी ठेवा, लाल तेवढी जोडा.

फ्यूज_बारा
नाही चालणार. तीन तारांच्या किटमध्ये कॅमेऱ्याला वीज पिवळीतून मिळते, लाल फक्त ‘गाडी चालू आहे’ एवढं सांगते. पिवळी मोकळी ठेवली तर कॅमेरा मेलेलाच. पार्किंग मोड नको असेल तर लाल आणि पिवळी दोन्ही सॉकेटच्याच फ्यूजवर, एकाच टॅपमध्ये घाला. एक टॅप वाचतो, आणि चावी काढली की सॉकेटसारखंच सगळं बंद.

पर्वरीकर
हे मान्य. अर्थचं मात्र कोणी बोललं नाही. काळी तार रंगवलेल्या किंवा प्लॅस्टिकवर बसलेल्या बोल्टला बांधली की कॅमेरा मधूनच रीस्टार्ट होतो आणि लोक मेमरी कार्डाला शिव्या देतात. पत्र्याला थेट लागलेला बोल्ट शोधा, खालचा रंग सॅंडपेपरने घासा, रिंग टर्मिनल आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत घासलेला पत्रा तसाच सोडला तर एका पावसाळ्यात तिथे गंज दिसतो.