प्रूफ नाण्यावरची बारीक रेघ: एरर की नुसता दोष?

रुपेरी_कडा:
१९६९ चं महात्मा गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं चांदीचं प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत ठोकलेलं) घ्यायचा विचार आहे. मिंटमार्क (टाकसाळीची खूण) ‘बी’, वजन बरोबर १५ ग्रॅम, व्यास ३४ मिमी. चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत साधारण ३ मिमी लांबीची, केसासारखी वळलेली एक रेघ आहे. नाणं तिरकं केलं की आरशासारख्या भागात एकाच दिशेने जाणाऱ्या असंख्य बारीक रेषाही चमकतात. मागच्या बाजूला एक दुधी ठिपका आहे. विकणारा याला ‘मिंट एरर’ (टाकसाळीतली चूक) म्हणतोय आणि स्वच्छ नगाच्या दीडपट भाव मागतोय. हे पटण्यासारखं आहे का?

ठसेपारखी:
आधी प्रत्येक खूण कधी उमटली ते ठरवा. डायवर (नाणं ठोकायच्या साच्यावर) होती, ठोका पडताना मध्ये काही आलं, की नाणं टाकसाळीतून बाहेर पडल्यावर लागली? तिन्हींचा भावावर होणारा परिणाम वेगळा आहे.

ट्यूबलाइट बंद करा. एकच पिवळा बल्ब किंवा हॅलोजन दिवा ठेवा. पसरलेल्या उजेडात रेषा लपतात. नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. आधी ५ पट आणि मग १० पट भिंगाने बघा. नाणं प्लास्टिकच्या केसमध्येच असेल तर ते हळूहळू तिरकं करा. रेघ नक्षीच्या तुलनेत सरकली तर ती प्लास्टिकवर आहे, नाण्यावर नाही.

रेघ खोलगट की उठावाची हे नुसत्या नजरेने ठरवू नका, डोळा हमखास फसतो. उजेड एका बाजूने, कमी कोनात टाका आणि शेजारच्या अक्षराशी तुलना करा. अक्षर उठावाचं असतं, म्हणून त्याची दिव्याकडची कड उजळ आणि पलीकडची काळी दिसते. रेघेचा क्रम तसाच असेल तर ती उठावाची, उलटा असेल तर खोलगट.

उठावाच्या रेषा म्हणजे डाय पॉलिशच्या रेषा. नाण्याचं सपाट फील्ड, म्हणजे नक्षीभोवतीची मोकळी जागा, हा डायवरचा सगळ्यात उंच भाग, आणि नक्षी व अक्षरं डायमध्ये खोल कोरलेली. पॉलिश करताना घासलं जातं ते फक्त फील्ड. म्हणून या रेषा अक्षराच्या कडेला येऊन थांबतात. कापडाने पुसल्यामुळे पडलेल्या हेअरलाइन खोलगट असतात आणि अक्षरावरून, गालावरून बेधडक पुढे जातात.

वळलेली रेघ बहुधा लिंट मार्क असेल. डाय किंवा चकती (ठोका पडण्याआधीचं कोरं नाणं) पुसताना कापडाचा धागा राहतो, ठोक्याच्या दाबाने तो धातूत रुततो आणि नंतर गळून पडतो. अशा खाचेच्या कडा गोलसर असतात, तळ गुळगुळीत असतो आणि रुंदी शेवटपर्यंत सारखी राहते. ओरखड्यात धातू बाजूला ढकलला जातो. त्यामुळे त्याच्या काठावर बारीक बांध दिसतो आणि एक टोक निमुळतं होतं. प्रूफवर एकापेक्षा जास्त ठोके पडतात. धागा पहिल्या ठोक्यानंतर गळून पडला असेल तर पुढच्या ठोक्यात खूण अर्धी बुजते, म्हणून पुसट लिंट मार्कही खरा असू शकतो.

होन_आणि_मोहर:
आता भावाचं बोलू. खूण टाकसाळीत झाली म्हणून तिला जास्त पैसे मिळतात, हा गैरसमज बाजारात मुद्दाम पसरवला जातो. किंमत वाढते ती मुख्यतः डायमध्येच चूक असेल आणि ती प्रत्येक नाण्यावर तशीच उमटून नोंदवली गेली असेल तेव्हा. अमेरिकेतली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एस’ शिवायची प्रूफ नाणी बघा: १९६८ चे १० सेंट, १९७१ चे ५ सेंट, १९९० चा १ सेंट. तिथे डायवर अक्षरच नव्हतं. कोणीही कॅटलॉग उघडून ओळखतो आणि त्यासाठी पैसे मोजतो.

तुमच्या नाण्यावरचा धागा त्या एकाच नगावर आहे, त्याला नाव नाही आणि मागणीही नाही. शिवाय प्रूफ घेणारा माणूस मुळात निर्मळ आरशासाठीच पैसे देतो. म्हणून समोरच्या फील्डमधला लिंट मार्क भाव कमी करतो. तोच धागा कडेजवळ किंवा अक्षरांच्या आड असता तर फारसा फरक पडला नसता. अशा खुणांत अपवाद एकच: मोठा, ठळक ‘स्ट्रक थ्रू’, म्हणजे तार, जाड दोरा किंवा धातूचा तुकडा मध्ये येऊन नक्षीचा मोठा भागच दबलेला. तो एरर गोळा करणारे आवडीने घेतात आणि ग्रेडिंग कंपन्या (नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या) लेबलवर लिहितातही. ३ मिमीच्या केसाला तो मान सहसा मिळत नाही.

ग्रेडिंगला पाठवायचं मनात असेल तर एक फरक लक्षात घ्या. एनजीसी या ग्रेडिंग कंपनीच्या व्याख्येत ७० (सर्वोच्च ग्रेड) म्हणजे ५ पट भिंगाखाली टाकसाळीबाहेर झालेला एकही दोष नाही. त्यामुळे डाय पॉलिशच्या रेषांना ते हेअरलाइनइतके गुण कापत नाहीत. हेअरलाइन मात्र ग्रेड झटकन खाली आणतात.

रुपेरी_कडा:
सांगितल्याप्रमाणे बघितलं. वळलेली रेघ खोलगट, कडा गोल, रुंदी सारखी. आरशातल्या बऱ्याच रेषा उठावाच्या आहेत आणि अक्षरांशी थांबतात. पण पाच-सहा रेषा गालाच्या फ्रॉस्टवरूनही (नक्षीच्या पांढरट, मंद भागावरूनही) गेल्या आहेत, तिथे पांढरेपणा तुटून चमक दिसते. दुधी ठिपका अ‍ॅसिटोनने जाईल का?

चांदी_उजळ:
नाही जाणार, आणि घासायचा विचारही करू नका. ठोकण्याआधी चकत्या धुतात, त्या रसायनाचा अंश राहिला की असे ठिपके दिसतात. ते वरवर चिकटलेले नसतात. अ‍ॅसिटोनने तेलकट थर आणि जुन्या पीव्हीसी पाकिटाचा हिरवट चिकटपणा निघतो, इतकंच. तेही शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. नाणं नुसतं बुडवून ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये एकदा बुडवा आणि उभं करून वाळू द्या. पुसायचं अजिबात नाही, कापड एकदा फिरवलं तरी नव्या हेअरलाइन पडतात. चांदी उजळवायचं डिप तर प्रूफवर नकोच, आरसा आणि फ्रॉस्ट दोन्ही मारतं.

ठसेपारखी:
गालावरच्या रेषांनी निकाल लागला. नाणं कधीतरी पुसलं गेलंय. उठावाच्या रेषा नैसर्गिक आहेत, त्यांच्यासाठी भाव कापू नका. ब्रिटिशकालीन नाण्यांच्या ज्या प्रती मुंबई आणि कलकत्ता टाकसाळींनी जुन्या डायवरून संग्राहकांसाठी पुन्हा छापल्या, त्यांवर तर अशा रेषा आणि गंजलेल्या डायमुळे आलेले बारीक उंचवटे नेहमी दिसतात. तिथे ते रिस्ट्राइक ओळखायला कामी येतात.

या नगाला दीडपट सोडाच, स्वच्छ नगाचा भावही देऊ नका. अलीकडच्या लिलावांत याच नाण्याचे हेअरलाइन असलेले, स्लॅब (ग्रेडिंग कंपनीची सीलबंद केस) नसलेले नग कितीला गेले ते काढा आणि दुधी ठिपक्यासाठी त्याहून थोडं खाली या. विकणाऱ्याकडे मूळ केस असेल तर तीही मागून घ्या. तो ‘एरर’वर अडून बसला तर त्यानेच आपल्या खर्चाने ग्रेडिंग करून लेबलवर तसं लिहून आणावं, मग पुढचं बोलता येईल.