मदत हवी आहे : सिंगापूर पडण्याचं खरं कारण कोणतं मानावं?

१५ फेब्रुवारी १९४२ला ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हलने सिंगापूरमध्ये शरणागती पत्करली. जपानी सेनापती यामाशिताकडे सैन्य कमी, तोफगोळेही संपत आलेले, तरी त्याने बेट घेतलं. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

'तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या' हे उत्तर मला पटत नाही. बऱ्याचशा तोफा जमिनीकडे वळत होत्या. पण त्यांच्याकडचा साठा मुख्यतः जहाजं फोडणाऱ्या गोळ्यांचा होता, पायदळावर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. मला जास्त खटकते ती उत्तर किनाऱ्याची गोष्ट. मुख्य अभियंता ब्रिगेडियर सिमसन तिथे तटबंदी करा म्हणून मागे लागले होते. पर्सिव्हलने नकार दिला, का तर लोकांचं मनोधैर्य खचेल! शिवाय हल्ला ईशान्येकडून होईल असा त्याचा अंदाज. जपानी उतरले वायव्येला.

पण 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिश युद्धनौका १० डिसेंबर १९४१लाच बुडाल्या होत्या, विमानं अपुरी, रणगाडे तर जवळपास नव्हतेच. मग दोष पर्सिव्हलचा किती आणि लंडनचा किती? जाणकारांनी कारणांसह सांगावं. तिथे कैद झालेल्या हजारो भारतीय सैनिकांच्या बाजूने लिहिलेलं मराठीत काही असेल तर तेही कृपया सुचवा.