दहा वर्षांचा व्हिसा आणि आजी-आजोबांचे सहा-सहा महिने

कोथरूडकर:
आमच्या सोसायटीतली बरीच ज्येष्ठ मंडळी वर्षातले सहा महिने अमेरिकेत असतात. व्हिसा टुरिस्टचा, बी-१/बी-२, दहा वर्षांचा. मुक्काम मुलाच्या घरी, बाळ सांभाळायला. मुदत भरत आली की परत यायचं, हयातीचा दाखला, दाताचं काम, घरपट्टी उरकायची आणि पुन्हा विमान. ते इकडे असताना तिकडे व्याही-विहीणबाई. दोन घरांनी मिळून वर्ष भरून काढायचं.

मला हे साफ चुकीचं वाटतं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी तो दारापर्यंतच नेतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर पडते. पण सगळ्यात खटकते ती निघण्याआधीची पढवणी. शेजारच्या काकूंना त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "बाळाला सांभाळायला आले असं म्हणू नकोस. फिरायला आले म्हण. नायगारा म्हण." जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, हातात पासपोर्ट घेऊन नायगारा घोकत होती. आईला जे लपवायला शिकवावं लागतं, ते बरोबर नाही हे मुलालाही ठाऊक असतं. तुम्हाला काय वाटतं?

न्यू जर्सीकर:
सहा महिने आम्ही चोरून घेत नाही, अधिकारी देतो. तारखेच्या आत परतलं की नियम पाळला. दोन मुक्कामांत किती अंतर हवं याचा आकडा कायद्यात नाही.

आणि दुसरा मार्ग कोणता? आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज फक्त नागरिक झालेल्या मुलाला करता येतो, तोही २१ वर्षं पूर्ण असतील तर. नुसतं ग्रीन कार्ड असून भागत नाही. मी अजून एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपली रांग हलता हलत नाही. मी नागरिक होईपर्यंत लेक कॉलेजात जाईल. तोवर आजीने तिला फोनवरच बघायचं?

कोथरूडकर:
आकडा नाही, मान्य. पण अडवायचा अधिकार आहे. हे भेटायला येत नाहीत, इथेच राहतात असं वाटलं तर अधिकारी कमी दिवस देऊ शकतो, व्हिसा रद्द करून परतही पाठवू शकतो. वीस तासांच्या प्रवासानंतर हा प्रसंग सत्तरीच्या माणसावर का आणायचा? ब्रिटनच्या नियमात तर स्पष्टच लिहिलंय की वारंवार भेटी देऊन दीर्घकाळ राहणं चालणार नाही.

साताऱ्याच्या आजी:
आमच्याविषयी सगळे बोलताय, म्हणून लिहिते. मी जाते ती मला जायचं असतं म्हणून. नेवार्कच्या विमानतळावर विचारलं तेव्हा सांगितलं, लेकीकडे आलेय, नातू झालाय. परत कधी? तिकीट दाखवलं. संपलं. खोटं बोलावं लागलं नाही. घर, शेती, ह्यांची पेन्शन, सगळं इथंच आहे.

पण लेकरांनो, तुम्हीही ऐका. जानेवारीत दारात गुडघाभर बर्फ, गाडी मला येत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात मी आणि बाळ. त्याला तेल लावून न्हाऊ घालताना जीव सुखावतो, पण दिवसभर बोलायला माणूस नाही. याला भेट म्हणत नाहीत. लेकीला सांगितलंय, यापुढे तीनच महिने येईन. ती रागावली आहे.

टोरंटोकर:
कॅनडाने २०११ मध्ये सुपर व्हिसा आणला. जुलै २०२२ पासून एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं ठरावीक उत्पन्न हवं, आई-वडिलांचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. मुलाकडे राहायला येतो, हे अर्जातच उघड लिहिता येतं. कोथरूडकर, राग धरायचा तर अमेरिकेच्या कायद्यावर धरा.

काणकोणकर:
आपल्या सरकारनेही हा प्रश्न हाताळलाय. २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीच्या प्रकरणानंतर, २००९ च्या अखेरीस, टुरिस्ट व्हिसावर परत यायचं तर मध्ये दोन महिन्यांचं अंतर ठेवायचा नियम आला. २०१२ च्या शेवटी तो बहुतेक देशांसाठी उठवला. दर थंडीत गोव्यात येऊन राहणारे ब्रिटिश पेन्शनर आम्हाला कधी लबाड वाटले नाहीत. मग आपल्याच म्हाताऱ्यांना एवढे कडक निकष का?

हिशोबनीस:
कराचं कोणीच बोललं नाही. अमेरिकेत यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश अशी बेरीज करतात. यंदाचे किमान ३१ दिवस आणि बेरीज १८३ किंवा जास्त झाली की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी. टुरिस्ट व्हिसा असला तरी सूट नाही. दरवर्षी १८० दिवस राहिलात तर १८० + ६० + ३० = २७०. यंदाचे दिवस १८३ च्या आत असतील आणि घरदार भारतात असेल तर फॉर्म ८८४० भरून सुटका होते. पण तो वेळेत भरावा लागतो, आणि हे बहुतेक आजी-आजोबांना कोणी सांगतच नाही.

कोथरूडकर:
हेच म्हणतोय. जोखीम सगळी त्यांच्या माथी. व्हिजिटर विम्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत, आणि या वयात बीपी-शुगर कोणाला नसते? आजींचं मला पटलं: दोन-तीन महिने, खरं कारण सांगून. उरलेल्या वर्षात मुलाने रजा टाकून इकडे यावं.

न्यू जर्सीकर:
रजा मिळते. पण माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे. भारतात आलो की परतण्याआधी वकिलातीत नवा घ्यायचा, त्याची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. तोवर नोकरी टिकेल का, लेकीची शाळा कोण बघेल? आईला नायगारा पढवणं मलाही मान्य नाही, ती खरंच सांगेल. विमा आणि ८८४० माझ्या खर्चाने. पण ती येणार, आणि अधिकाऱ्याने सहा महिने दिले तर सहा महिने राहणार.