पक्षाघातातील एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय अपुरा ठरतो का?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्ट (प्रतिमा अधिक स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून देण्याचे औषध) न देताच काढण्यात आला. त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले आहे. अशी तपासणी अपुरी असते असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का, आणि पुढे कॉन्ट्रास्टची गरज पडल्यास मूत्रपिंडाला धोका किती?

प्रतिसाद १: अपुरी म्हणता येणार नाही. रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या पेशी सुजतात आणि त्यांच्या भोवतीच्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते. पाण्याची ही हालचाल टिपणाऱ्या ‘डिफ्युजन’ या एमआरआय प्रतिमेत हा बदल झटक्यानंतर काही मिनिटांतच दिसू लागतो व त्यासाठी कोणतेही इंजेक्शन लागत नाही. रक्तस्राव आणि मोठ्या धमन्यांतील अडथळाही कॉन्ट्रास्टविना पाहता येतो. इतकेच नव्हे, तर झोपेतून उठल्यावर लक्षणे आढळलेल्या रुग्णात इजा डिफ्युजनमध्ये दिसते पण बदल उशिरा दाखवणाऱ्या ‘फ्लेअर’ या दुसऱ्या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत अजून उमटलेली नाही, एवढ्यावरून झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला असल्याचे मानून गुठळी विरघळवणारे औषध देता येते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीने दाखवले.

प्रतिसाद २: वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. मेंदूचा किती भाग मेलेला आहे आणि किती अजून वाचवता येईल, हे पाहायचे असेल तेव्हा गॅडोलिनियम (एमआरआयसाठीचे धातूयुक्त कॉन्ट्रास्ट) शिरेतून वेगाने सोडून त्याचा मेंदूतील प्रवास मोजतात. यालाच परफ्युजन म्हणतात. सहा तास उलटून गेल्यावर गुठळी काढायची की नाही, या निर्णयात त्याचा उपयोग होतो, मात्र अनेक ठिकाणी हेच काम सीटीवर उरकले जाते. काही दिवसांनी जुनी इजा गाठीसारखी दिसू लागली, तरीही डॉक्टर कॉन्ट्रास्ट मागू शकतात.

प्रतिसाद ३: मूत्रपिंडाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे सीटीचे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट आणि गॅडोलिनियम यांची सरमिसळ फार होते. मूत्रपिंड फारच निकामी झालेल्या रुग्णांत गॅडोलिनियमनंतर त्वचा व अवयव कडक होण्याचा दुर्मीळ पण गंभीर विकार २००६ मध्ये लक्षात आला. त्याचा संबंध मुख्यतः रेषीय रेणूंशी (गॅडोलिनियम धातूला उघड्या साखळीसारखे धरणाऱ्या) होता, कारण त्यांतून धातू सुटण्याची शक्यता जास्त असते. वलयाकार रेणू धातूला कड्यासारखे वेढून घट्ट धरून ठेवतात. युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये शिरेतून देण्याच्या बहुतेक रेषीय औषधांचा वापर थांबवण्याची किंवा मर्यादित करण्याची शिफारस केली. त्यामुळे केवळ क्रिएटिनिनवर न थांबता ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज) विचारावा, आणि तो ३० च्या खाली असल्यास कोणत्या रेणूचे औषध देणार, हे रेडिओलॉजिस्टना आधीच स्पष्ट विचारावे.