एका आयपीला शंभर विनंत्या, पुढे ब्लॉक? हा हिशेब चुकीचा आहे

तालुक्याचा:
काल 'रात्रपाळी' यांनी लिहिलं, "वॅफवर रेट लिमिट लावायला डोकं लागत नाही. एका आयपीला पाच मिनिटांत १०० विनंत्या, पुढे ब्लॉक. ज्याला त्रास होतो तो बॉटच असतो." शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. (नवख्यांसाठी: वॅफ म्हणजे साइटसमोर बसून विनंत्या गाळणारी भिंत, रेट लिमिट म्हणजे ठरावीक वेळात किती विनंत्या येऊ द्यायच्या याची मर्यादा, आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बॉट म्हणजे आपोआप विनंत्या पाठवणारा प्रोग्राम.)

माझ्या भावाचं तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र आहे. आठ संगणक, एक ब्रॉडबँड, बाहेरून दिसणारा आयपी एकच. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी एका प्रवेश संकेतस्थळानं अख्ख्या केंद्राला बाहेर काढलं. अर्जाचं एक पान उघडलं की स्क्रिप्ट, फाँट, चित्रं धरून साठेक विनंत्या जातात. आठ मुलांनी एकेक पान उघडलं की ४८० झाल्या. यात बॉट कोण? मोबाइलवर जा म्हणाल, तर तिथे सीजीनॅट, म्हणजे कंपनी एकच पत्ता अनेकांत वाटते. एका आयपीव्ही४ पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसलेले असतात.

रात्रपाळी:
स्थिर फाइली मोजायच्या असं मी कुठे म्हणालो? स्कोप-डाउन लावून, म्हणजे नियम ठरावीक विनंत्यांपुरता ठेवून, फक्त एपीआयचे (साइट किंवा ॲप सर्व्हरशी माहितीची देवाणघेवाण करतं ते) मार्ग मोजायचे, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि माझीही बाजू ऐका. गेल्या वर्षी पहाटे अडीच वाजता आमच्या ओटीपीच्या एपीआयवर कुणीतरी स्क्रिप्ट सोडली. सकाळपर्यंत एसएमएसचं प्रीपेड खातं रिकामं, खऱ्या ग्राहकांना ओटीपी जाईना. बैठकीत सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं, "मर्यादा का नव्हती?" तेव्हापासून मी आधी ब्लॉक करतो, मग विचार करतो.

तालुक्याचा:
तुम्ही म्हणाला नाहीत, हीच तर अडचण आहे. नवखा माणूस तुमचं वाक्य उचलतो आणि अख्ख्या साइटवर लावतो.

लॉगवाचक:
दोघंही आयपीवरच भांडताय. चार आकडी ओटीपीच्या शक्यता १०,०००. हल्लेखोराकडे हजार आयपी असले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा प्रयत्न येतात. तुमच्या शंभरात ते आरामात बसतात, वॅफला पत्ताही लागत नाही. ओटीपी तपासण्याची मर्यादा खात्यावर हवी आणि ती ॲपच्या कोडमध्ये हवी. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) वॅफची मोजणी अंदाजी असते, मर्यादा ओलांडल्यावर ब्लॉक लागेपर्यंत मध्ये वेळ जातो. बरोबर पाच प्रयत्नांवर अडवणं हे त्याचं काम नाही.

बिनसाखर:
ब्लॉक झालेल्या माणसाला दिसतं काय, यावर कुणीच बोलत नाही. एडब्ल्यूएस वॅफ मुळात ४०३ (प्रवेश नाही) हा कोड देतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लिमिट रिक्वेस्ट सेटिंगला हात लावला नाही तर ५०३ (सेवा उपलब्ध नाही). ४२९ (फार विनंत्या झाल्या) हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ या इंटरनेट मानकापासून यासाठीच आहे, सोबत किती वेळाने परत यायचं ते सांगणारं 'रीट्राय-आफ्टर' हेडर देता येतं. पण सेटिंग बदलायचा कंटाळा! ५०३ पाहून माणसाला वाटतं साइट पडली, आणि तो रिफ्रेश मारत बसतो. पानावर दोन ओळी मराठीत लिहा की थोडं थांबा, अर्ज सुरक्षित आहे.

रात्रपाळी:
म्हणजे हल्लेखोराला सांगायचं की साठ सेकंदांनी परत ये? ४०३ द्यायचा, दार बंद.

बिनसाखर:
हल्लेखोर वेग कमी-जास्त करून तुमची मर्यादा थोड्या वेळात शोधतोच. तुम्ही ती लपवता फक्त घाबरलेल्या विद्यार्थ्यापासून.

रात्रपाळी:
विद्यार्थ्यांना पुढे करून बोलू नका. रात्री सर्व्हर बिघडला की उठायची ऑन-कॉल पाळी केलीय का कधी?

बिनसाखर:
सात वर्षं. एकदा आमचंच मोबाइल ॲप ५०३ मिळाला की दर सेकंदाला पुन्हा विनंती पाठवत होतं. बाहेरचा कुणी नव्हता, आमच्याच ग्राहकांचे फोन आमचा सर्व्हर झोडपत होते. ४२९ दिला, ॲपला थांबायला शिकवलं, तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्यामुळे अनुभव मला विचारू नका.

तालुक्याचा:
केंद्रात हेच झालं! मुलं रिफ्रेशचं एफ-५ दाबत राहिली. विनंत्यांचा दर खाली येईपर्यंत ब्लॉक उठत नाही, आणि मुलं दर खाली येऊ देईनात. त्यांना कुणी थांबा म्हटलंच नव्हतं. तीन अर्ज राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉगिन झालेल्यांना सेशननुसार, म्हणजे प्रत्येकाच्या लॉगिननुसार, मोजा. नियम आधी काउंटवर (ब्लॉक न करता नुसतं मोजत) ठेवा, आणि त्यात शेवटच्या तारखेचा दिवस येऊ द्या. सर्वांत गर्दीचा प्रामाणिक आयपी किती मागतो ते लॉगमध्ये बघा, मग आकडा ठरवा.

लॉगवाचक:
सेशन कुकी (ब्राउझर लॉगिनची ओळख म्हणून पाठवतो ती खूण) हल्लेखोर दर वेळी नवी बनवून पाठवेल. खरी ठरलेली कुकीच धरा, बाकी सगळे आयपीवर. आणि वॅफसमोर प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पाठवणारा मधला सर्व्हर, असेल तर आधी खरा आयपी मिळतोय का बघा. नाहीतर सगळं जग एकाच पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं.

रात्रपाळी:
"बॉटच असतो" हे वाक्य मागे घेतो. बाकी पोस्ट नाही. पानांवर ब्लॉकऐवजी चॅलेंज (समोर खरा ब्राउझर आहे का याची चाचणी) ठेवतो, ब्लॉक राहील तिथे ४२९ ही देतो, बिनसाखर यांचा आग्रह म्हणून. पण ओटीपी पाठवण्यावरची कडक मर्यादा कुणाच्या बापाचं ऐकून सैल करणार नाही.

तालुक्याचा:
कडक म्हणजे किती? केंद्रात आठ जण एकाच वेळी ओटीपी मागतात, आणि एसएमएस उशिरा आला की पुन्हा मागतात.

रात्रपाळी:
एका मोबाइल क्रमांकाला दहा मिनिटांत तीन. एका आयपीला सध्या दहा.

दहा कमी पडतील, दिसतंय मला. आयपीचा नियम आठवडाभर काउंटवर टाकतो, क्रमांकाचा चालूच राहील. पुढच्या सोमवारी आकडे इथेच देतो.