मदत हवी आहे: कोयनेकाठचं उठलेलं गाव
बामणोलीच्या पलीकडे डोंगरावर आईचं माहेर होतं. कोयना धरणाचं पाणी तिथवर चढलं नाही, तरी गाव उठलं. आई म्हणते, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर. मामा म्हणतात, १९८५ ला अभयारण्य झालं तेव्हा. आज तिथे चौथरे, करवंदीच्या जाळीत अडकलेली जात्याची तळी आणि एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड) एवढंच आहे. वीरगळावर खाली लढाई, वर शिवलिंगाची पूजा. मधला थर पार झिजलाय, बघून जीव तुटतो.

सातबारा, फेरफार काढून झाले. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधली जुनी पानं वाळवीने खाल्लीत. पुनर्वसनाचा कागद घरात नाही. मोडी वाचणारे ओळखीत आहेत, त्यामुळे जुनं दप्तरही चालेल.

गाव नेमकं कधी, कुठल्या आदेशाने उठलं, हे कोणत्या दप्तरात सापडेल?